एकटीच? हो, एकटीच!

न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को. विमानानं साधारण सहा तास. मी पाठीला सॅक लावून ट्रेननं निघाले आणि नवव्या दिवशी पोहोचले. सोबत मैत्रीण नाही, टूर मॅनेजर नाही, ग्रुप फोटो तर नाहीतच. कसं जमलं? सांगते ना!

"एकटीच?"

त्या जून महिन्यात हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल? आईनं पुण्याहून फोनवर विचारला. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीनं डोळे मोठे करून विचारला. ऑफिसातल्या अमेरिकन मॅनेजरनंही विचारला, पण त्याचा सूर वेगळा होता. त्याला 'एकटी'चं काही नव्हतं, 'ट्रेननं'चं होतं. "ट्रेननं? का?" म्हणजे इथे लोकांना पायी पंढरपूरला जाणारा माणूस दिसला तर जेवढं आश्चर्य वाटणार नाही, तेवढं त्याला वाटलं.

ऑनसाइट प्रोजेक्ट संपला होता. परतीच्या विमानाआधी दोन आठवडे सुट्टी होती. टीममधल्या सगळ्यांनी ठरलेली यादी पुढे केली : नायगरा, व्हेगास, डिस्ने. फोटो काढा, फ्रिज मॅग्नेट घ्या, घरी या. पण माझ्या डोक्यात किडा वेगळाच होता. मी पुण्याची. लहानपणापासून डेक्कन क्वीननं मामाकडे मुंबईला जायचे. भोर घाटात दारं-खिडक्या पकडायची, बोगदे मोजायचे आणि डायनिंग कारमधून आलेलं कटलेट खायचं, ही माझी प्रवासाची व्याख्या. एवढा मोठा देश वरून ढगांमधून ओलांडायचा, हे काही मनाला पटेना.

मग नकाशा काढला. न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को. चार शहरं, तीन तिकिटं, साडेपाच हजार किलोमीटर. आईला सांगितलं, "रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तुझ्या साडेनऊला, फोन करीन." आई म्हणाली, "करशील गं. पण जेवशील कुणाबरोबर?"

तेव्हा मी हसले. हा काय प्रश्न झाला?

अमेरिकेत ट्रेन असते?

असते. फक्त अमेरिकन लोकांना ती फारशी माहीत नसते! तिथली देशभराची प्रवासी रेल्वे म्हणजे अ‍ॅमट्रॅक. १ मे १९७१ रोजी ती सुरू झाली. त्याआधी खासगी कंपन्या गाड्या चालवायच्या. मग हायवे आले, जेट विमानं आली, लोक तिकडे पळाले आणि कंपन्यांना प्रवासी म्हणजे डोकेदुखी वाटू लागले. शेवटी सरकारनंच पुढे होऊन अ‍ॅमट्रॅक उभी केली.

गंमत म्हणजे लांबच्या मार्गांवर रूळ बहुतेक ठिकाणी अ‍ॅमट्रॅकचे नाहीतच. ते मालगाड्यांच्या कंपन्यांचे. प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची, असा कायदा १९७३ पासून आहे. पण मालगाडी इतकी लांब असते, की ती साइडिंगमध्ये मावतच नाही. मग बाजूला कोण उभं राहणार? आपणच. त्यामुळे या गाड्यांना उशीर होतो हे गृहीत धरूनच बसायचं. आपल्याला त्याचं काय? आपण 'अप फास्ट दहा मिनिटे उशिराने' ऐकत वाढलेली माणसं!

आणखी एक आकडा सांगते. २०२४ च्या आर्थिक वर्षात अ‍ॅमट्रॅकनं विक्रम केला. वर्षभरात सुमारे ३ कोटी २८ लाख प्रवासी. तिकडे त्याच्या बातम्या झाल्या. आपल्या मुंबईच्या लोकलला एवढी माणसं वाहून न्यायला आठवडाही लागत नाही.

हडसन डावीकडे

न्यूयॉर्कचं मॉयनिहन ट्रेन हॉल हे २०२१ च्या १ जानेवारीला उघडलेलं स्टेशन. जुन्या पोस्टाच्या भव्य इमारतीत काचेचं छप्पर टाकून केलेलं, एकदम चकाचक. दुपारी तिथून शिकागोची 'लेक शोर लिमिटेड' निघते. साधारण १,५४० किलोमीटर, एक रात्र.

टीप नंबर एक : डावीकडे बसा. न्यूयॉर्कहून उत्तरेला निघालं की हडसन नदी कितीतरी वेळ डाव्या खिडकीला चिकटून चालते. पलीकडे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, मग नदीतल्या एका बेटावर पडका किल्ला. मी फोटोंवर फोटो काढत होते. एक तासानं लक्षात आलं, की "ए, ते बघ!" म्हणायला शेजारी कुणी नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. सोलो ट्रॅव्हलचा पहिला झटका हा असा बसतो. सुंदर काही दिसलं की कोपर मारायला माणूस लागतं.

रात्री सीट बऱ्यापैकी मागे जाते, पायाखाली आधार वर येतो. आपल्या थ्री-टियरसारखं आडवं होता येत नाही, पण एसटीच्या लाल डब्यात झोपलेल्या माणसाला ही सीट म्हणजे पलंगच. एसी मात्र असा, की मी सॅकमधले सगळे कपडे एकावर एक चढवले. सकाळी उठले तेव्हा घड्याळ एक तास मागे गेलं होतं. या प्रवासात असं तीन वेळा होतं. तीन तास फुकट. कुठल्या टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये मिळतात?

फक्त एक?

शिकागोचं युनियन स्टेशन १९२५ सालचं. त्याच्या ग्रेट हॉलमध्ये लाकडी बाकांवर नुसतं बसून राहावं असं. 'द अनटचेबल्स' या १९८७ च्या सिनेमातली जिन्यावरून घरंगळणारी बाबागाडी आठवते? तो जिना इथलाच. मी अर्थातच त्यावरून उगाच दोनदा चढले-उतरले.

दुसऱ्या दिवशी आर्ट इन्स्टिट्यूट पाहिलं. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले ते याच इमारतीत. २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाट या चित्रकारानं त्या भाषणातले शब्द इथल्याच मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते. मी गेले तेव्हा ते तिथे नव्हते. तरी त्या पायऱ्या चढताना छाती थोडी फुगलीच. विचार केला, तेही एकटेच आले होते की! आपण तर परतीचं तिकीट खिशात घेऊन आलोय.

छाती फुगवून संध्याकाळी डीप-डिश पिझ्झा खायला गेले. आणि तिथे सगळी हवा गेली.

"किती जण?"

"एक."

"फक्त एक?" त्या मुलानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. बाकीचे मागून येत असतील, असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं मला हॉलच्या मधोमध चार जणांच्या टेबलावर नेऊन बसवलं आणि म्हणाला, "डीप-डिशला चाळीस मिनिटं लागतील हं."

चाळीस मिनिटं! त्या पिझ्झाची कड केकसारखी उंच असते, तो भाजायलाच तेवढा वेळ लागतो. पण चाळीस मिनिटं करायचं काय? फोनची बॅटरी नऊ टक्के. पुस्तक हॉस्टेलवर. समोर तीन रिकाम्या खुर्च्या. मेनू कार्ड मी तीनदा वाचलं, ज्या पदार्थांत बीफ होतं तेही वाचले. मग पाणी प्यायले. मग परत पाणी प्यायले.

आणि तेव्हा हिशेब केला. वय वर्षं एकोणतीस. शाळेत डबा मैत्रिणींबरोबर, घरी ताट सगळ्यांबरोबर, हॉस्टेलवर मेस, नोकरीत कँटीन, पीजीत रूममेट. "चल, जेवायला येतेस?" हे वाक्य माझ्या आयुष्यात एक दिवसही चुकलेलं नव्हतं. कुणी नसलंच तर पार्सल आणायचं आणि लॅपटॉपवर काहीतरी लावून खोलीत खायचं. चारचौघांत, टेबलावर, एकटीनं मी एकदाही जेवले नव्हते. टीम लीड म्हणून अकरा जणांना कामं वाटते, परदेशात एकटी राहते, पण पानावर एकटी बसायला मला लाज वाटत होती. कशाची लाज? कुणी बघतही नव्हतं. तेच तर! कुणी बघतही नव्हतं.

पिझ्झा आला. दोन तुकड्यांत पोट गच्च. उरलेला बांधून घेतला आणि बाहेर पडले तेव्हा काहीतरी मोठी परीक्षा काठावर पास झाल्यासारखं वाटत होतं.

चार खुर्च्यांचं टेबल

शिकागोहून दुपारी दोनला 'कॅलिफोर्निया झेफर' निघते. या प्रवासाची हिरोइन हीच. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरचं एमरीव्हिल, ३,९२४ किलोमीटर, वेळेवर धावली तर बावन्न तासांच्या आसपास. याच नावाची जुनी खासगी गाडी १९४९ ते १९७० धावली. तिच्या डब्यांना वर काचेचे घुमट होते. नाव पुन्हा रुळांवर आलं ते १९८३ मध्ये. आताचे डबे दुमजली आहेत आणि मध्ये एक लाउंज कार. तिच्या खिडक्या छतापर्यंत चढलेल्या, खुर्च्या बाहेरच्या दिशेला वळवलेल्या. तिकीट कुठल्याही वर्गाचं असो, तिथे बसायला पैसे पडत नाहीत.

डब्यात चढताना अटेंडंट तुमच्या डोक्यावर एक चिठ्ठी खोचतो. त्यावर तुमचं स्टेशन. रात्री-अपरात्री तुमचं गाव आलं, की तो येऊन हलवून उठवतो. आपल्याकडे शेजारच्या काकांना "दौंड आलं की सांगा हं" म्हणतात, तीच सिस्टिम!

संध्याकाळी बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडली. डब्यातल्या निम्म्या लोकांनी खिडकीकडे धाव घेतली. मग आयोवाची मक्याची शेतं सुरू झाली ती संपेचनात. डायनिंग कार मुख्यतः स्लीपरवाल्यांसाठी, पण जागा उरली तर पैसे भरून आम्हा सीटवाल्यांनाही घेतात. एक जेवण खिशाला चटका लावणारं आहे, पण एकदा घ्याच. कारण तिथे नियम असा, की टेबलाची खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. एकटे आलात? मग तीन अनोळखी लोकांबरोबर बसा.

माझ्या टेबलावर एक आमिश जोडपं होतं. आमिश म्हणजे तिकडचे जुन्या वळणाचे, शेतीवाडी करणारे लोक. स्वतःची मोटार ठेवत नाहीत, बहुतेक जण विमानात बसत नाहीत. म्हणून ट्रेनमध्ये ते हमखास भेटतात. काकांना लांब दाढी पण मिशी नाही, काकूंच्या डोक्यावर पांढरी टोपी. चौथ्या खुर्चीवर सत्तरीच्या एक आजी, निवृत्त नर्स.

पहिली पाच मिनिटं चौघांनीही मीठदाणीकडे बघण्यात घालवली. मग काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे शेती आहे?" म्हटलं, आजोबांची होती, साताऱ्याकडे, ज्वारीची. ज्वारी म्हणजे काय? म्हटलं, सॉर्गम. काकांचे डोळे एकदम चमकले. त्यांच्याकडे गोड सॉर्गमचा रस काढून कढईत आटवतात. अहो, ही तर काकवी! आमच्याकडे उसाची करतात आणि भाकरीबरोबर खातात, हे मी हातवारे करून सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही एकमेकांच्या कढया, चुली आणि वरचा फेस कसा काढायचा यावर बोलत होतो. माझ्या रेझ्युमेवर नसलेला एकमेव विषय, आणि तोच कामाला आला.

नर्स आजी शांत होत्या. गोड आल्यावर म्हणाल्या, "नवऱ्याशिवायचा हा माझा पहिला प्रवास. गप्पा तो मारायचा, मी खिडकीतून बघायचे. आता दोन्ही कामं माझ्याकडे आलीत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू एकटीच?"

"हो. माझीही पहिलीच वेळ."

"मग आपण बरं करतोय," त्या म्हणाल्या आणि चीजकेकचा शेवटचा घास तोंडात टाकला.

सतरा मिस्ड कॉल

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंचीवर आहे. स्टेट कॅपिटॉलच्या पायरीवर तसं कोरलेलंच आहे. स्टेशन १९१४ सालचं. २०१४ मध्ये ते नटवून पुन्हा उघडलं. बाहेर लाल निऑन अक्षरं : 'ट्रॅव्हल बाय ट्रेन'. दोन दिवस शहर पायी भटकले. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये सहाजणी, सहा देशांच्या. इथे नाश्त्याला एकटी बसले आणि कुणी विचारलंही नाही. मीही मेनू एकदाच वाचला. प्रगती!

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा झेफर. आणि आता जे सुरू होतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. गाडी वळणं घेत रॉकी पर्वत चढू लागते. एका मोठ्या वळणावर रेतीनं भरलेले जुने वाघिणीचे डबे रुळांना कायमचे जखडून ठेवलेत. वारा इतका भयंकर, की गाडी आडवी होऊ नये म्हणून केलेली ती भिंत! मग बोगद्यामागून बोगदे. भोर घाटाच्या सवयीनं मोजायला गेले आणि विशीत कुठेतरी हिशेब चुकला. शेवटी मॉफट बोगदा. १९२८ सालचा, दहा किलोमीटर लांब. आत शिरण्यापूर्वी सूचना होते, की धूर आत येतो, तर डब्यांमधली दारं उघडू नका. दहा-बारा मिनिटं मिट्ट काळोख. बाहेर पडलात की पलीकडचा डोंगरउतार, आणि जूनमध्येही शिखरांवर बर्फ.

पुढे कोलोरॅडो नदी रुळांच्या कडेला येते आणि तासन् तास सोबत करते. उंच लाल कडे, मध्ये हिरवं पाणी, त्यावर रबरी होड्यांतून राफ्टिंग करणारी पोरं. गाडी दिसली की ती हात करतात. आणि काही जण... कसं सांगू... पाठमोरे उभे राहून चड्डी खाली ओढतात! इथली ही जुनी प्रथाच आहे म्हणे. लाउंज कारमधल्या आज्या टाळ्या वाजवत होत्या. त्यात आमच्या नर्स आजी नव्हत्या, त्या आदल्या खेपेलाच उतरून गेल्या, पण असत्या तर त्यांनीही वाजवल्या असत्या.

लाउंज कारमध्ये त्या दिवशी मी सहा तास बसले. एका कॉलेजच्या पोराबरोबर पत्ते खेळले. एका आजोबांनी मला कड्यांच्या थरांचं वय समजावलं. आणि फोन? तो माझ्या सीटवर चार्जिंगला होता.

ग्रँड जंक्शनला दुपारी चारच्या सुमाराला गाडी पाय मोकळे करायला थांबते. फोन उचलला. सतरा मिस्ड कॉल. सगळे आईचे.

पुण्याचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे सकाळचे दहा. त्या वेळी मी मॉफट बोगद्याच्या आसपास होते. आता पुण्यात पहाटेचे पावणेचार वाजले होते. रिंग पूर्ण व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"आई, अगं नेटवर्क नव्हतं."

हे अर्धंच खरं होतं. घळीत नेटवर्क नव्हतंच, पण मधल्या स्टेशनांवर होतं. मी विसरले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

आई काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "जेवलीस का?" आणि त्यानंतर जे बोलली, ते इथे छापण्याजोगं नाही. मी प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत ऐकत होते, सॉरी म्हणत होते, डोळे पुसत होते. इतक्यात कंडक्टरची 'ऑल अबोर्ड' ऐकू आली. वळून बघते तर माझा डबा प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला! फोन कानाला, चपला हातात, अशी मी धावले. अंधेरीला सुटती लोकल पकडण्याचा सगळा अनुभव त्या पन्नास मीटरमध्ये वापरला. दारातल्या अटेंडंटनं हात दिला. आई फोनवर ओरडत होती, "काय झालं? पळतेस का? कोण आहे मागे?"

"ट्रेन आहे गं आई. पुढे आहे."

संध्याकाळी खडकाच्या भिंतीवर कोलोरॅडो आणि युटा राज्यांची सीमा रंगवलेली दिसली. सॉल्ट लेक सिटी रात्री अकराच्या पुढे आलं. मग नेवाडाचं वाळवंट, दिवा नाही, गाव नाही. लाउंज कारमध्ये मी एकटीच होते. अशी एकटी, की काचेत फक्त माझाच चेहरा. झोप येत नव्हती. आईचा आवाज डोक्यातून जात नव्हता, आणि ते सहा तासही. त्या सहा तासांत मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाची टीम लीड नव्हते. छान वाटलं होतं. आणि छान वाटलं याचं आता वाईट वाटत होतं. यातलं काय खरं, हे मला त्या रात्री सुटलं नाही. आजही पूर्ण सुटलेलं नाही.

सकाळी रीनो आलं, मग सिएरा नेवाडा पर्वत, खाली निळंशार डॉनर सरोवर. या घाटातून पहिले रूळ टाकले ते हजारो चिनी मजुरांनी, सुरुंग आणि हातोड्यांनी, बर्फात गाडले जात. १० मे १८६९ ला दोन्ही किनारे रुळांनी जोडले गेले, त्या सोहळ्याच्या गाजलेल्या फोटोत मात्र ते दिसत नाहीत. आपला भोर घाट १८६३ चा. तिथे राबून मेलेल्या हजारो माणसांचे तरी फोटो कुठे आहेत? पुढच्या वेळी डेक्कन क्वीनमध्ये बोगदे मोजताना एवढं लक्षात ठेवीन, असं ठरवलं.

चार-साडेचारला एमरीव्हिल. तिथून बसनं बे ब्रिज ओलांडला की समोर सॅन फ्रान्सिस्को. उतरल्या उतरल्या सगळ्यात आधी काय केलं? घड्याळ बघितलं. पुण्यात पहाट होती. तरी फोन केला.

सॅक भरण्यापूर्वी

* तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. बरेच टप्पे करणार असाल तर रेल पास बघा : ३० दिवसांत १० टप्पे, माझ्या वेळी ४९९ डॉलर होता. तीन-चारच टप्पे असतील तर सुटी तिकिटं परवडतात. पास असला तरी प्रत्येक गाडीचं आरक्षण वेगळं करावं लागतं.

* या गाड्या बहुतेक ठिकाणी दिवसाला एकच. चुकली की चोवीस तास बसा. आणि उतरल्या दिवशी पुढचं विमान किंवा बस कधीही बुक करू नका.

* शाकाहारी आहात? कॅफेत चीज पिझ्झा, चिप्स, नूडल्स यावर गाडी अडते. ठेपले, शेंगदाण्याची चटणी, गरम पाण्यात होणारा उपमा सोबत ठेवा. ठेपले शेजाऱ्याला द्या. हमखास ओळख होते.

* पांघरूण न्या. सीटच्या वर्गात अंघोळीची सोय नाही, ओले टिश्यू न्या. वायफायवर विसंबू नका.

* पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं अंगावरच्या पाऊचमध्ये. हॉस्टेलचं रिसेप्शन किती वाजता बंद होतं, ते आधी वाचा.

* आणि हो, घरी फोनची वेळ ठरवू नका. "स्टेशन आलं की करीन" एवढंच सांगा. मग फोन विसरू नका!

पानावर

पुण्याला परतले त्या रात्री आईनं पुरणपोळीचा घाट घातला होता. जेवताना मी सगळ्यांना ती शिकागोची गोष्ट रंगवून सांगितली. तीन रिकाम्या खुर्च्या, चाळीस मिनिटं, तीनदा वाचलेला मेनू. बाबा हसले, दादा हसला. "चारचौघांत एकटीनं जेवायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला नाही कळणार," मी ऐटीत म्हटलं. जेवणं झाली, बाबा टीव्हीकडे गेले, दादाचा फोन वाजला, मीही हात धुवायला उठले.

आई ओट्यापाशी आपलं पान वाढून घेत होती. सहज म्हणाली, "त्यात काय एवढं? मी रोजच एकटी जेवते की गं. तुम्ही सगळे उठल्यावर."

मी हात न धुताच परत येऊन बसले. पोट तुडुंब भरलं होतं. तरी अर्धी पोळी वाढून घेतली आणि म्हटलं, "तूपही वाढ."